सैनिक कुणाचा, निर्णय कुणाचा?

जगाच्या पाठीवर कुठेही युद्ध पेटले की आपल्याकडे चर्चेचा फड रंगतो. भारताने तिथे सैन्य पाठवावे की नाही, पाठवले तर जगात आपले वजन किती वाढेल, न पाठवले तर कोणता बडा देश नाराज होईल, याची गणिते मांडली जातात. निवृत्त सेनाधिकारी बोलतात, माजी राजदूत बोलतात, पक्षांचे प्रवक्ते एकमेकांवर ओरडतात. या गलक्यात एक माणूस मात्र कधीच दिसत नाही. ज्याला जायचे आहे तो! त्याला बोलण्याची परवानगी नाही, आणि त्याच्या आईबापांना कुणी विचारत नाही. कारण ते दिल्लीत राहत नाहीत. ते सातारा, रत्नागिरी, बुलडाणा, नांदेडकडच्या एखाद्या खेड्यात राहतात.

आम्ही वकिली करतो. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त नाईक आमच्याकडे अपंगत्वाच्या पेन्शनचे कागद घेऊन आले होते. आपल्याच समाजाचे, वय साठीच्या पुढे. कागद चाळताना १९८८ सालच्या जखमेची नोंद दिसली. कुठे लागले, असे आम्ही विचारले. श्रीलंकेत, असे ते म्हणाले. बोलता बोलता त्यांनीच आम्हाला उलटा प्रश्न केला, "वकीलसाहेब, आम्हाला तिकडं पाठवायचं ठरवलं कुणी? खासदारांनी मतं दिली होती का?" बाबासाहेबांची घटना आम्ही अभ्यासली आहे, कायद्याची पदवी घेतली आहे, न्यायालयात रोज कलमे सांगतो. तरी त्या क्षणी आम्ही गप्प बसलो. कारण खरे उत्तर होते, "नाही, कुणी मते दिली नव्हती. तशी गरजच नव्हती."

आजचा लेख त्या नाईकांच्या प्रश्नासाठी आहे.

परदेशी युद्धात सैन्य पाठवण्यावर आपल्या देशात सर्वांत मोठी उघड चर्चा झाली ती २००३ साली. त्या वर्षी मार्च महिन्यात अमेरिका आणि ब्रिटनने इराकवर हल्ला केला. सद्दाम हुसेनकडे महासंहारक शस्त्रे आहेत, असे कारण सांगितले गेले. ती शस्त्रे पुढे सापडलीच नाहीत. ८ एप्रिल २००३ रोजी आपल्या लोकसभेने या हल्ल्याची निंदा करणारा ठराव एकमताने संमत केला. पण बगदाद पडले आणि अमेरिकेला इराक सांभाळायला माणसे कमी पडू लागली. मग भारताकडे मागणी आली. एक अख्खी डिव्हिजन, म्हणजे पंधरा-वीस हजार सैनिक, उत्तर इराकमध्ये पाठवा, अशी ती मागणी होती. जून महिन्यात अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे पथक दिल्लीला समजावणी करायला येऊन गेले.

तेव्हाचे युक्तिवाद आठवून पाहा. पाठवा म्हणणारे सांगत होते की, अमेरिकेशी मैत्री घट्ट होईल, इराकच्या पुनर्बांधणीची कंत्राटे मिळतील, सुरक्षा परिषदेतील कायम जागेचा मार्ग मोकळा होईल. म्हणजे सैनिकाच्या जिवाच्या बदल्यात काय काय पदरात पडेल, याचा हिशेब होता. विरोध करणारे विचारत होते की, ज्या हल्ल्याची संसदेने निंदा केली, त्याच हल्ल्यातून आलेल्या ताब्याचे राखणदार आपले जवान कसे होतील? अखेर १४ जुलै २००३ रोजी सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने निर्णय घेतला की, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसेल तर सैन्य पाठवायचे नाही.

निर्णय योग्य होता, हे काळाने दाखवून दिले. जेमतेम महिनाभरानंतर, १९ ऑगस्टला बगदादमधील संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयावर बाँबहल्ला झाला आणि राष्ट्रसंघाचे प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा डी मेलो यांच्यासह बावीस जण ठार झाले. नोव्हेंबरमध्ये नासिरिया येथे इटलीचे एकोणीस लोक मारले गेले. उत्तर इराकमधले मोसुल पुढे २०१४ साली आयसिसच्या हाती पडले. तिथे मजुरीला गेलेल्या एकोणचाळीस भारतीयांची हत्या झाल्याचे २०१८ साली संसदेत सांगितले गेले. त्यातले बहुतेक पंजाबमधील गरीब घरांतले होते. आपले जवान २००३ साली तिथे गेले असते तर किती शवपेट्या परत आल्या असत्या, याचा विचारही करवत नाही.

पण आम्ही इथे समाधान मानून थांबणार नाही. निर्णय चांगला झाला, तो घेण्याची पद्धत चांगली होती काय? ते प्रकरण कधीच संसदेत मताला आले नाही. एका बंद खोलीत बसलेल्या मोजक्या मंत्र्यांनी 'नाही' म्हटले. उद्या त्याच खोलीत तेवढेच मंत्री 'हो' म्हणू शकतात. २००३ साली विरोधी पक्ष जागे होते, एप्रिलचा ठराव ताजा होता, निवडणूक जवळ आली होती. हे सगळे योग जुळून आले म्हणून आपण वाचलो. देशाच्या सैनिकाचा जीव योगायोगावर सोडायचा का, हा आमचा प्रश्न आहे.

आता घटना काय सांगते ते पाहू. कलम ५३ च्या दुसऱ्या पोटकलमात संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे दिले आहे. मात्र त्याच वाक्यात पुढे म्हटले आहे की, या अधिकाराचा वापर कायद्याने नियंत्रित होईल. सातव्या अनुसूचीतील संघ सूचीत संरक्षण, सेनादले, संयुक्त राष्ट्र संघटना, परराष्ट्रांशी करार, तसेच युद्ध आणि शांतता हे विषय आहेत. म्हणजे या विषयांवर कायदा करण्याचा पूर्ण अधिकार संसदेला आहे. घटनाकारांनी दार उघडे ठेवले, पण पंचाहत्तर वर्षांत त्या दारातून कोणतेही सरकार आत गेले नाही. सैन्य देशाबाहेर लढायला पाठवण्यापूर्वी संसदेची मंजुरी घ्यावी, असा कायदा आपल्याकडे नाही. काँग्रेसच्या सरकारांनी तो केला नाही, भाजपच्या सरकारांनीही केला नाही. सत्तेत बसलेल्या कुणालाच आपले हात बांधून घ्यायचे नाहीत.

वाचकांनी तुलना करून पाहावी. सरकारी तिजोरीतून पैसा काढायचा तर कलम ११४ नुसार संसदेचा कायदा लागतो. संसद चालू नसताना काढलेला अध्यादेश कलम १२३ नुसार सभागृहांपुढे ठेवावा लागतो. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याला मंजुरी मिळाली नाही तर तो गळून पडतो. कलम ३५२ खाली आणीबाणी जाहीर केली तर १९७८ सालच्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनुसार एका महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मंजुरी घ्यावी लागते. रुपया खर्च करायला संसद लागते. पण वीस हजार पोरे परक्या देशात मरायला पाठवायची असतील तर मात्र लागत नाही!

सैनिकाच्या बाजूने पाहिले तर हा अन्याय अधिक ठळक होतो. कलम ३३ नुसार संसदेला सेनादलांतील लोकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालता येतात आणि तशा मर्यादा सेना अधिनियम, १९५० व त्याखालील नियमांनी घातलेल्या आहेत. सैनिकाला संघटना काढता येत नाही, राजकीय सभेत भाग घेता येत नाही, परवानगीशिवाय वर्तमानपत्रात लिहिता येत नाही. सक्रिय सेवेवर असताना किंवा तसा हुकूम निघाल्यावर तो पळून गेला तर कलम ३८ खाली मृत्युदंडापर्यंत शिक्षा होऊ शकते. सेनेची शिस्त राहण्यासाठी हे नियम हवेत, याबद्दल आमची तक्रार नाही. पण ज्याचे तोंड कायद्याने बंद केले आहे, त्याच्या वतीने बोलण्याची जबाबदारी कुणावर येते? ज्या संसदेने त्याचे तोंड बंद केले, तिच्यावरच येते. सैनिकाचा नकार देण्याचा हक्क काढून घेतला असेल तर त्याला पाठवण्यापूर्वी पूर्ण विचार करण्याचे कर्तव्य दुप्पट होते. वकील म्हणून आम्हाला यापेक्षा सरळ न्याय दुसरा दिसत नाही.

हे कर्तव्य टाळले की काय होते, ते श्रीलंकेत दिसले. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या आणि लगोलग आपले सैन्य तिकडे उतरले. नाव होते शांतिसेना. सिंहली सरकार आणि तामिळ बंडखोर यांच्यातला समझोता अमलात आणायचा, शस्त्रे जमा करून घ्यायची, एवढेच काम सांगितले होते. दोन-अडीच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, तीच शांतिसेना लिट्टेशी जाफन्याच्या गल्लीबोळात लढत होती. पुढे सैनिकांची संख्या सत्तर हजारांच्या वर गेली. मोहिमेचा हेतू बदलला, शत्रू बदलला, मुदत वाढत गेली. पण हा बदल मान्य आहे का, असे संसदेला मतदानाने कुणी विचारले नाही. पुरेशी माहिती आणि तयारी नव्हती, हे मोहिमेतल्या अधिकाऱ्यांनीच नंतर पुस्तकांतून लिहिले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, तोवर अकराशेहून अधिक जवान कामी आले होते. तिथल्या सामान्य तामिळ माणसानेही या काळात अतोनात सोसले. आणि परतलेल्या जवानांचे स्वागत करायला मद्रासच्या बंदरावर तमिळनाडूचे मुख्यमंत्री गेले नाहीत. दिल्लीत सरकार बदलले होते, धोरण बदलले होते. ज्यांनी आपले रक्त सांडले ते जवान कुणाचेच राहिले नाहीत.

या मोहिमेत एकच परमवीर चक्र दिले गेले. ते मेजर रामास्वामी परमेश्वरन यांना, मरणोत्तर. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून घेतली आणि शेवटच्या श्वासापर्यंत आपल्या माणसांना हुकूम देत राहिले. मेजर परमेश्वरन जन्माने मुंबईचे, घराने तामिळ, आणि त्यांची पलटण होती आठवी महार. महार रेजिमेंटचा तो पराक्रम आपण अभिमानाने सांगतो, सांगितलाच पाहिजे. पण अभिमान सांगताना एक प्रश्नही विचारला पाहिजे. एका तामिळ अधिकाऱ्याला आणि त्याच्या महार पलटणीला तामिळ बंडखोरांशी लढायला ज्यांनी पाठवले, त्यांनी या देशाच्या प्रतिनिधिगृहात उभे राहून एकदा तरी हात वर करून मत दिले होते काय?

काही जण म्हणतील, तुम्ही आंबेडकरी माणसे सैन्याच्या विरोधात बोलता. हे सांगणाऱ्यांना आमचा इतिहास ठाऊक नाही. आमच्या समाजाला सैन्याने जेवढे दिले तेवढे गावगाड्याने कधीच दिले नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, म्हणूनच त्या घरात शिक्षण पोचले. १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पण पुढचा इतिहास नीट वाचा. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली गेली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडून टाकली गेली. गरज असली की सैनिक, गरज संपली की अस्पृश्य! दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी पुन्हा आवाज उठवला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिची दुसरी बटालियन महायुद्ध संपल्यावर इराकमध्येही होती. तेव्हा सैन्य आमचे परके नाही. सैन्य आमचे आहे म्हणूनच त्याचा वापर कोण, कशासाठी करतो, हे विचारण्याचा आमचा हक्क आहे.

इराकची माती मराठी माणसाने त्याआधीही पाहिली होती. १९१४ साली तुर्कांशी लढायला इंग्रजांनी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहावी पूना डिव्हिजन पाठवली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. कुत या गावात तिला वेढा पडला. अन्न संपले, घोडे मारून खाल्ले गेले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसांनी शरणागती पत्करली. त्यात बहुसंख्य हिंदी सैनिक आणि नोकर होते. कैदेच्या वाटेवर आणि छावण्यांत त्यांतले हजारो मेले. त्या शेतकऱ्यांच्या पोरांचे तुर्कांशी काय वैर होते? निर्णय लंडन आणि सिमल्याचा होता, मरण मात्र मराठी मुलखाचे होते.

१९३९ सालीही तेच झाले. ३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे परस्पर जाहीर करून टाकले. इथल्या प्रतिनिधींना विचारले नाही म्हणून काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. त्यांचा आक्षेप बरोबर होता, लोकांना न विचारता लोकांना युद्धात ओढता येत नाही. मग स्वातंत्र्य मिळाल्यावर हाच नियम आपल्या कायद्याच्या पुस्तकात का लिहिला गेला नाही? व्हाइसरॉय गेला, पण त्याचा अधिकार तसाच राहिला. फक्त खुर्चीवर बसणारे बदलले.

बाबासाहेबांनी हा धोका फार लवकर ओळखला होता. ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देताना त्यांनी जे निवेदन केले, ते आपण हिंदू कोड बिलासाठी लक्षात ठेवतो. पण त्यात परराष्ट्र धोरणावरही कडक टीका आहे. देशाचे वार्षिक उत्पन्न सुमारे ३५० कोटी आणि त्यातले १८० कोटी सैन्यावर जातात, हा आपल्या परराष्ट्र धोरणाचा परिणाम आहे, असे त्यांनी दाखवून दिले होते. परराष्ट्र धोरण हा बड्यांचा विषय आहे आणि त्याच्याशी गरिबाचा संबंध नाही, असे मानणाऱ्यांना ते उत्तर होते. त्या धोरणाची किंमत गरीबच मोजतो. कधी पैशाने, कधी पोटच्या पोराने.

आजही चित्र वेगळे नाही. रशिया-युक्रेन युद्धात मदतनीसाची नोकरी, मोठा पगार अशी आमिषे दाखवून भारतातल्या तरुणांना रशियन सैन्यात ढकलले गेले. २०२४ साली सीबीआयने त्याबाबत गुन्हा नोंदवला. अशा बारा भारतीयांचा मृत्यू झाल्याचे जानेवारी २०२५ मध्ये आपल्या परराष्ट्र खात्याने सांगितले. त्यांना सरकारने पाठवले नव्हते, दलालांनी पाठवले, हे खरे. पण परक्यांच्या युद्धात जाणारा माणूस कोणत्या घरातला असतो, हे त्यावरून कळते. उद्योगपतीचा मुलगा तिकडे जात नाही. ज्याच्या घरी नोकरी नाही, शेती नाही, डोक्यावर कर्ज आहे, तोच जातो.

अमेरिकेत हा प्रश्न काळ्या लोकांनी विचारला. ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध भाषण केले. ज्या काळ्या तरुणांना घरी समान हक्क नाहीत, त्यांना आठ हजार मैलांवर दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी मरायला पाठवले जाते, हा त्यांचा मुद्दा होता. त्याच महिन्यात मुहम्मद अली यांनी सैन्यात भरती व्हायला नकार दिला, आपले अजिंक्यपद गमावले आणि १९७१ साली सर्वोच्च न्यायालयातून न्याय मिळवला. या जनमताच्या रेट्यामुळे १९७३ साली अमेरिकी काँग्रेसने अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार डावलून युद्धाधिकार कायदा केला. काँग्रेसच्या संमतीशिवाय सैन्य साठ दिवसांपेक्षा जास्त लढाईत ठेवता येणार नाही, असे त्यात आहे. अध्यक्षांनी तो कायदा अनेकदा वाकवला, हे मान्य. तरी निदान वाकवायला कायदा आहे! आणि तिथे कुणी काय मत दिले याची नोंद राहते. १४ सप्टेंबर २००१ रोजी अध्यक्षांना युद्धाचा मोकळा परवाना देणारा ठराव प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १ मताने संमत झाला. ते एक मत बार्बरा ली या काळ्या महिला सदस्याचे होते. तेव्हा त्यांना देशद्रोही म्हटले गेले. वीस वर्षांनी अमेरिकन फौज काबूलमधून परतली तेव्हा त्या एका मताची किंमत अनेकांना कळली.

ब्रिटनमध्ये १८ मार्च २००३ रोजी इराक युद्धावर संसदेत मतदान झाले. ठराव संमत झाला आणि तो निर्णय चुकीचा ठरला. म्हणजे मतदान घेतले की निर्णय बरोबरच होतो, असा आमचा दावा नाही. पण त्या मतदानामुळे जबाबदारी कुणाची हे ठरले, पुढे चिलकॉट चौकशी झाली. आणि २९ ऑगस्ट २०१३ रोजी सिरियावर हल्ला करण्याचा प्रस्ताव त्याच सभागृहाने २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला. पण तिथे हा केवळ संकेत आहे, कायदा नाही. म्हणून २०१८ साली पंतप्रधानांनी मतदान न घेताच सिरियावर हल्ला केला. नुसता संकेत टिकत नाही, कायदाच लागतो, हा धडा आपण घ्यावा. जर्मनीने तो घेतला. १९९४ साली तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ठरवले की, सशस्त्र सैन्य बाहेर पाठवायला संसदेची संमती आवश्यक आहे, आणि २००५ साली तसा कायदाही झाला. हिटलरच्या अनुभवातून गेलेल्या देशाला सैन्यावर संसदेचा लगाम का हवा, हे वेगळे सांगायला नको.

आता समोरच्या बाजूचेही ऐकले पाहिजे. सैन्य कधीच बाहेर पाठवू नये, असे आम्ही म्हणत नाही. १९९४ साली रवांडात कत्तल सुरू झाली तेव्हा सुरक्षा परिषदेने तिथली शांतिसेना वाढवण्याऐवजी अडीच हजारांवरून अवघ्या २७० माणसांपर्यंत खाली आणली. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे कापली गेली. तिथे सैन्य न पाठवणे हाच गुन्हा होता. १९७१ साली पूर्व बंगालमधून एक कोटीच्या आसपास निर्वासित भारतात आले. संसदेने ३१ मार्चलाच तिथल्या जनतेच्या पाठीशी उभे राहण्याचा ठराव एकमताने केला होता, युद्ध त्यानंतर आठ महिन्यांनी झाले. संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीखाली कोरिया, गाझा, काँगोपासून आजवर दोन लाखांहून अधिक भारतीय सैनिकांनी काम केले आणि पावणेदोनशेच्या आसपास कामी आले. त्या बलिदानाबद्दल आम्हाला आदर आहे. प्रश्न जाण्याचा नाही. कशासाठी, किती दिवस, कुणाच्या हुकमाखाली आणि कुणाच्या संमतीने जायचे, हा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. संसदेत चर्चा केली तर शत्रूला सगळे कळेल, असे म्हणतात. पलटण कोणत्या वाटेने जाणार हे संसदेत सांगा, असे कुणीच म्हणत नाही. आपले सैन्य जाणार आहे आणि अमुक कारणासाठी जाणार आहे, एवढेच सांगायचे आहे. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवला केली तशी तातडीची मदत असेल तर आधी जा आणि नंतर मंजुरी घ्या. आणीबाणीसाठी ही सोय घटनेत आहेच.

बौद्ध वाचकांना आम्ही एक आठवण करून देतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहणे हे मानले नाही. त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे ठेवला. शाक्य आणि कोलीय यांच्यात भांडण झाले, सेनापतीने युद्धाचा ठराव शाक्य संघापुढे मांडला. सिद्धार्थाने भर सभेत उठून विरोध केला. आधी दोष कुणाचा ते तपासा, दोन्ही बाजूंचे पंच नेमा, असे सांगितले. बहुमत त्याच्या विरोधात गेले. त्याने युद्धात सामील व्हायला नकार दिला आणि शिक्षा म्हणून घर सोडणे पत्करले. या कथेत सिद्धार्थाचे धैर्य आपण नेहमी सांगतो. आज तिच्यातली दुसरी गोष्ट पाहा. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या छोट्या गणराज्यात सेनापतीला संघापुढे यावे लागले, ठराव मांडावा लागला, विरोध ऐकून घ्यावा लागला, मते मोजावी लागली. आणि जगातली सर्वांत मोठी लोकशाही म्हणवणाऱ्या आपल्या देशात हे करावे लागत नाही!

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. कलम ५३ मध्ये ज्या कायद्यासाठी जागा ठेवली आहे, तो कायदा संसदेने करावा. देशाबाहेर लढाईच्या कामावर सैन्य पाठवण्यापूर्वी दोन्ही सभागृहांची मंजुरी घ्यावी. तातडीचा प्रसंग असेल तर तीस दिवसांत घ्यावी. ठरावात हेतू आणि मुदत लिहावी, हेतू बदलला तर पुन्हा सभागृहापुढे यावे. मतदान नावानिशी नोंदवावे, म्हणजे कोणत्या खासदाराने कुणाच्या पोराला पाठवले, हे त्या गावाला कळेल. आणि मोहिमेतल्या मृत व जखमी जवानांचा, त्यांच्या कुटुंबांच्या पेन्शनचा हिशेब दर अधिवेशनात पटलावर ठेवावा. २०२२ पासून चार वर्षांच्या करारावर अग्निवीर भरले जातात आणि त्यांतल्या बहुतेकांना पुढे पेन्शन नाही. त्यांच्या बाबतीत तर हा हिशेब अधिकच गरजेचा आहे.

लोकसभेत अनुसूचित जातींचे ८४ आणि जमातींचे ४७ राखीव मतदारसंघ आहेत. हे खासदार कोणत्याही पक्षाचे असोत, ते ज्या वस्त्यांतून मते घेतात त्याच वस्त्यांतली मुले पहाटे अंधारात भरतीसाठी धावण्याचा सराव करतात. पुढच्या वेळी हे खासदार आपल्या वस्तीत आले की रस्ता आणि नळ तर मागाच, पण त्यांना हेही विचारा की, उद्या आमच्या मुलाला परक्या देशात पाठवायचे ठरले तर तुमचे मत घेतले जाणार आहे का? नसेल, तर त्यासाठी तुम्ही काय केले?

त्या नाईकांच्या पेन्शनचे काम पुढे झाले. कागदावरच्या कलमांनी पैसे मिळवून दिले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्ही अजून देऊ शकलेलो नाही. ते उत्तर न्यायालयात मिळणार नाही, संसदेतच मिळेल. आणि संसदेला ते द्यायला लावणे हे तुमच्या-आमच्या हातात आहे.